धुऊन गेलेली घंटी

३ तारीख, सोमवार

ही वही खारूने कामासाठी दिली. डाव्या पानावर तबकडीचा नंबर, किती पाण्यांतून काढली, खरखर राहिली का, आणि शेवटी माझी सही. उजवं पान शेऱ्यासाठी मोकळं ठेव म्हणाली. शेरे साहेबलोक मारतात. मी काही साहेब नाही, तेव्हा उजव्या पानावर मी मनात येईल ते लिहिणार. चौथीत शाळा सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाचणार कोण आहे? सही मात्र मला झोकात येते. आज सहा केल्या.

खारू म्हणजे माझी नात. लहानपणी बटणं, बाटल्यांची बुचं, संपलेली पेनं, सगळं उशीखाली साठवायची, म्हणून मी तिला खारूताई म्हणायला लागले आणि ते चिकटलं. सत्तावीस वर्षांची घोडी झाली तरी साठवणं सुटलं नाही. चांगली नोकरी सोडून घराच्या खालच्या खोलीत, जिथे आमच्या सायकली असायच्या, तिने गाण्यांच्या जुन्या तबकड्या धुऊन द्यायचं दुकान मांडलंय. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, पहिल्या दिवशी म्हणाला, "लोक गाणी ऐकतात, तू गाणी धू." मी म्हटलं, मग मीही धुते. चौऱ्याहत्तरावं लागलं, पण हात थरथरत नाहीत माझे. ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा तीस वर्षं मी घड्याळांचे पुर्जे पेट्रोलमध्ये धुतलेत. एकही स्क्रू मोरीत गेला नाही. एक गेला होता, पण तो मांजरीमुळे.

काम असं. आधी सुकी धूळ मऊ ब्रशने काढायची, रेघांच्या अंगाने गोल गोल, आडवा हात मारायचा नाही. मधल्या छापील कागदाला पाणी लागू नये म्हणून दोन्ही बाजूंनी बरणीची झाकणं बसवायची, ही युक्ती माझी. मग बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, त्यात साबणाचा एक थेंब. मग नुसत्या पाण्याच्या दोन आंघोळी. मऊ फडक्याने टिपायचं आणि ताटाळ्यात उभी करायची. काळ्या कुळकुळीत तबकड्या ताटाळ्यात निथळताना बघून इतकं बरं वाटतं की मी मुद्दाम खुर्ची टाकून बसते. वाळल्या की वाजवून बघायच्या आणि सही.

खारूचा नियम एकच. न धुतलेल्या तबकडीवर सुई टेकवायची नाही. सुईखाली मातीचा कण आला की तो रेघेत रुततो, मग ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. मी दोन्ही कानांना हात लावून कबूल केलं.

पहिलं मोठं काम दातांच्या डॉक्टरांचं. त्यांच्या तळघरात नळ फुटला, दीडशे तबकड्या गाळात गेल्या. हे गृहस्थ लायब्ररीच्या मंडळावर आहेत, आणि लायब्ररीत तीन हजार तबकड्या धूळ खात पडल्यात. डॉक्टर खूश झाले तर ते काम खारूला. नाही झाले तर ही परत नोकरी शोधणार, आणि खालच्या खोलीत परत सायकली.

४ तारीख, मंगळवार

आज आपली स्वतःची एक तबकडी धुतली आणि घात झाला.

ती ह्यांची आवडती. शब्द नाहीत, नुसती वाद्यं. अगदी शेवटी सगळं शांत होतं आणि एक बारीकशी घंटी तीनदा वाजते. हे डोळ्याला भिंग लावून घड्याळात वाकलेले असायचे, आणि तिसरी घंटी झाली की मान वर न करता म्हणायचे, "उचल." मी सुईची दांडी उचलायची. कितीतरी वर्षं असं चाललं. हे गेले, प्लेअर माळ्यावर गेला, तबकडीवर बोटभर धूळ बसली. सहा-सात वर्षांत ऐकली नव्हती. म्हटलं आता आपल्या हातात विद्या आलीय, धुवावी.

धुतली, वाळवली, लावली. सगळं छान वाजलं. मी दांडीजवळ हात नेऊन उभी राहिले. घंटी आलीच नाही. सुई शेवटच्या रेघेत नुसती गोल गोल फिरत राहिली आणि मी बघत राहिले.

परत लावली. नाही.

माझ्या हातून घंटी धुऊन गेली.

६ तारीख, गुरुवार

परवापासून तेच मनात घोळतंय. साबणाचा एक थेंब सांगितला होता, त्या दिवशी दोन पडले असतील का? बाटलीचं तोंड मोठं आहे.

खारूने मला सुरुवातीलाच समजावलं होतं. तबकडीवरच्या रेघा नागमोडी असतात, जाड आवाजाची वळणं मोठी, बारीक आवाजाची वळणं केसाहून बारीक. म्हणजे बारीक तेच आधी जाणार. घड्याळात केसासारखी एक स्प्रिंग असते, तिला जरा जोरात फडकं लागलं की खलास, आणि बाजूचं जाड चाक शंभर वर्षं टिकतं. मी हे जन्मभर पाहिलंय. मला कळायला हवं होतं.

ही एक तबकडी माझी होती, गेली तर गेली. पण डॉक्टरांच्या बारा धुऊन बसलेय. त्यांतून काय काय धुऊन गेलं असेल कुणाला ठाऊक. बेसिनच्या जाळीत मी बोट घालून पाहिलं. काय दिसणार होतं तिथे, पण पाहिलं.

९ तारीख, रविवार

सगळे घरात. जेवताना सून म्हणाली, "आई, खाली प्लेअर जरा हळू लावत जा ना. काल फोनवर बोलता येईना."

"हळूच लावते मी," मी म्हटलं.

"हळू?" मुलगा म्हणाला. "कोपऱ्यावरचा न्हावी माझ्याकडे गाण्याची फर्माईश करत होता."

सगळे हसले, मीही हसले. हा लहानपणापासून तिखटमीठ लावून बोलतो.

या घरात दुसरीही गंमत चाललीय. कपडे धुवायचं यंत्र झालं की टुणटुण करायचं, ते बिघडलंय. सुनेला सांगितलं तर म्हणाली, "चांगलं चाललंय, आई." तिला कुठे वेळ असतो लक्ष द्यायला. समोरच्या झाडावरच्या चिमण्याही गेल्या. दिसतात दोन-चार, पण बोलत नाहीत. पूर्वी सकाळी नुसता उच्छाद असायचा.

खारूला भीतभीत विचारलं, "काय गं, धुतल्याने आवाज झिजतो का?"

"नीट धुतलं तर नाही. दाबून घासलं तर वाट लागते."

"आणि साबण जास्त झाला तर?"

"का गं? झाला का?"

"नाही बाई. सहज विचारलं."

दाबून घासलं का मी? टिपताना दाबलं असेल. मला टिपायला आवडतं, तेव्हा मी जरा रेंगाळते. आता ताटाळ्यातल्या तबकड्यांकडे बघवत नाही. खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवलीय.

११ तारीख, मंगळवार

आता खात्रीच झाली.

डॉक्टरांची एक बासरीची तबकडी आहे. ही आमच्या ओळखीची. ह्यांच्या दुकानासमोर चहावाला होता, तो दिवसभर हीच लावायचा, त्यामुळे मला ती आडवीतिडवी पाठ. एके ठिकाणी बासरी चढत चढत जाते आणि वर टोकाला जाऊन थरथरते. चहावाला तेवढ्यापुरता गाळणं हातात धरून थांबायचा. चहा कडू झाला तरी गिऱ्हाईक बोलायचं नाही.

मी धुऊन लावली. बासरी चढायला लागली आणि अर्ध्या जिन्यावरून नाहीशीच झाली. वर नुसती फुंकर. थोड्या वेळाने खाली उतरताना परत सापडली.

म्हणजे डॉक्टरांचीही खराब केली. बावीस झाल्यात माझ्या हातून, बावीसच्या बावीस सह्या माझ्या. खारू समोर बसून एका प्लेअरचा पट्टा बदलत होती, गुणगुणत होती. मला म्हणाली, "आजी, तू आहेस म्हणून हे जमतंय बघ."

सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा घेणार का?"

१२ तारीख, बुधवार

उपाय केला. साबण बंद. नुसतं पाणी, तेही एकदाच, आणि फडकं असं फिरवायचं की जणू तान्ह्या बाळाचा गाल पुसतोय. बारीक आवाज राहिले पाहिजेत. मळ थोडा राहिला तर राहिला, मळ नंतर काढता येतो. गेलेला आवाज कुठून आणायचा?

गंमत म्हणजे एवढ्या पुसण्यानेही खरखर अजिबात नाही. पाच लावल्या, पाचही लोण्यासारख्या. डाव्या पानावर "खरखर नाही" लिहिलं, सही केली. "तीन पाणी" असंही लिहिलं. हे खोटं आहे. वहीत खोटं लिहायची ही माझी पहिलीच वेळ. पाचव्या सहीला शेपूट वेडंवाकडं आलंय.

१४ तारीख, शुक्रवार

आता पाणीही नाही. कोरड्या ब्रशने वरवर. तरी खरखर नाही. माझ्या हाताला गुण आहे म्हणावं का काय म्हणावं. पण बारीक आवाज तरीही नाहीतच, मग ते गाळातच गेले होते की माझ्या ब्रशने गेले?

खरं तर एका गोष्टीने निकाल लागेल. एखादी न धुतलेली तबकडी लावून बघायची. पण नियम आहे. आणि डॉक्टरांच्या गाळ भरलेल्या तबकडीवर सुई टेकवायची म्हणजे मेल्याला आणखी मारायचं. नाही होणार माझ्याने.

काल आणखी एक झालं. चहाची शिट्टीवाली किटली करपली. मी शेजारीच बसून फडकी घडी घालत होते. सून धावत आली, तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "शिट्टी खराब झाली बघ हिची." एवढी काळजीने का बघत होती कोण जाणे, किटली माझी, ह्यांच्या वेळची, तिच्या माहेरची नव्हे.

१५ तारीख, शनिवार

डॉक्टर एक्केचाळीस तबकड्या घेऊन गेले. मोठे आवाजी, हसरे. प्रत्येक पाकिटावर खारूने चिठ्ठी लावली होती आणि चिठ्ठीवर माझी सही. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "आजीबाई, या सहीवर तर मी दातसुद्धा काढून देईन."

मी हसले. मोटार वळेपर्यंत दारात उभी होते.

१७ तारीख, सोमवार

आले. पिशवी घेऊन आले.

मी खिडकीतून पाहिलं आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. नळ सोडून बसले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, बादलीवर बसलेली. किती वेळ बसले असेन. पाणी वाहत होतं आणि मी म्हणत होते, आता सगळं बाहेर येणार.

दारावर थाप पडली. "आजी, गेले ते. बाहेर ये." चेहरा उतरला होता पोरीचा. पिशवीत नऊ तबकड्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं. मनात म्हटलं, आता बासरी येणार.

"खरखर आहे म्हणतात. त्यांच्या बायकोने ऐकल्या. सबंध खरखर."

मला आधी कळेचना. खरखर? बारीक आवाजाचं काहीच नाही? "अगं, खरखर कशी असेल? मी स्वतः ऐकल्यात, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

खारूने एक लावली. मी ऐकत होते. छान वाजत होती, लोण्यासारखी. पण खारूने दात आवळले होते, कुणी पाटीवर नख ओढल्यासारखे. मग तिने टेबलावर बोट आपटायला सुरुवात केली. "हे बघ. हे. हे. हे एक." तिचं बोट थांबेना. मी तिच्या बोटाकडे बघत होते आणि गाण्यात मला काहीच ऐकू येत नव्हतं, गाण्याशिवाय.

"ऐकू येतंय ना?"

"हो गं," मी म्हटलं. "आहे खरी."

मी असं का म्हटलं?

१८ तारीख, मंगळवार

आज नियम मोडला.

ह्यांना प्रत्येक वस्तू दोन लागायच्या. एक वापरायला, एक अडीअडचणीला. चष्मे दोन, छत्र्या दोन. मी म्हणायचे, बायको तेवढी एकच केलीत, तर म्हणायचे, तिला जोड मिळाली नाही. घंटीच्या तबकडीचीही दुसरी प्रत होती. माझ्या ट्रंकेच्या तळाशी, तपकिरी कागदात, दुकानातून आणली तशी बांधलेली. कधी उघडली नव्हती. तिला पाणी लागलं नव्हतं, साबण लागला नव्हता, ब्रश लागला नव्हता.

खारू बाहेर गेली होती. मी गाठ सोडली. नियमाचं आठवलं, पण हिच्यावर गाळ कुठला, हिने तर उजेडही पाहिला नव्हता. तरी सुई टेकवताना मी डोळे मिटले.

सगळं वाजलं. शांत झालं. मी वाट पाहिली.

घंटी नाही.

आधी इतका आनंद झाला की मी तिथेच मटकन बसले. माझा दोष नव्हता. माझ्या हाताने काही धुऊन गेलं नव्हतं. साबण, ब्रश, फडकं, सगळं निर्दोष. मी एकटी हसले. म्हटलं, कारखान्यातूनच विसरली असणार घंटी.

मग हसता हसता थांबले. कारण आमच्या पहिल्या तबकडीत घंटी होती. हे "उचल" म्हणायचे ते काय स्वप्नात?

ह्यांचं हातातलं घड्याळ माझ्या कपाटात असतं. मी ते रोज चावी देऊन चालू ठेवते, काटे बघते आणि ठेवून देते. आज ते काढलं. घड्याळ दुरुस्त झालं की हे माझ्या पाठीमागे हातभर लांब धरायचे आणि विचारायचे, चालतंय का? मी पाठ न वळवता सांगायचे, चालतंय, पण जरा लंगडतंय. दुकानात माझ्या कानांचं कौतुक होतं. आज मी ते हातभर लांब धरलं. काही नाही. वीतभर. काही नाही. कानाला टेकवलं. काही नाही. कानात अक्षरशः घुसवलं तेव्हा कुठेतरी खूप लांब, कुणीतरी कापसावर बोटाने टिचकी मारावी तसं.

काटा मात्र पळत होता.

चिमण्या कुठे गेल्या ते आता कळलं. टुणटुण करणारं यंत्र, किटली. त्या गेल्या नाहीत, यंत्र बिघडलं नाही. सगळं जागच्या जागी आहे.

आता हे लिहितेय. पेन्सिल कागदावरून जाते तेव्हा आवाज करते ना? करायची. मी थांबून, कान वहीला लावून, एक रेघ ओढून पाहिली. रेघ उमटली.

१९ तारीख, बुधवार

कुणाला सांगितलं नाही.

माझ्या आईचे कान असेच गेले होते. आधी लोक तिच्याशी मोठ्याने बोलायचे, मग थोडं बोलायचे, मग तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे. जेवायला बसवायचे, उठवायचे. ती हसत असायची सगळ्यांकडे बघून, काही न कळता. मी पोर होते, मलाही तिच्याशी बोलायचा कंटाळा यायचा. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

मुलाला कळलं तर तो प्रेमाने म्हणेल, "आई, पुरे आता, वर बस आरामात." मला आराम नको. मला ताटाळं हवंय.

एक मन म्हणतं, गप्प राहा. बोटाकडे बघून "हो गं" म्हणायचं. किती दिवस जाईल?

संध्याकाळी खारू जेवली नाही. नऊ तबकड्या समोर घेऊन बसली होती. तिने सगळे ब्रश कचऱ्याच्या डब्यात टाकले होते. म्हणाली, "माझीच पद्धत चुकतेय, आजी. तू तीन-तीन पाण्यांतून काढतेस, वहीतून तूच वाचून दाखवलंस, तरी खरखर. म्हणजे माझं पाणी चूक, माझा साबण चूक. उद्या लायब्ररीला कळवते की मला जमणार नाही."

मी डब्यातून एक ब्रश काढून पदराने पुसला.

२० तारीख, गुरुवार

सांगितलं.

ती लायब्ररीचं पत्र लिहायला बसली होती. मी पत्रावर हात ठेवला. म्हटलं, "आधी माझं ऐक. मला ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"खरखर ऐकू येत नाही. घंटी नाही, बासरी वरची नाही. मला वाटलं माझ्या धुण्याने जातंय. म्हणून मी धुणं बंद केलं."

मला वाटलं आता ही रडणार, मला मिठी मारणार, आणि मग मला वर नेऊन बसवणार.

"धुणं बंद केलं म्हणजे?" ती म्हणाली.

"एकोणीस. त्यांतल्या काही नुसत्या पुसल्या. काही तेवढ्याही नाही."

"आणि वहीत तीन पाणी लिहिलंस?"

"लिहिलं."

"आजी, कानाचं राहू दे बाजूला. साबण का बंद केलास? मला विचारता येत नव्हतं?" अशी संतापली की तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "मी चार दिवस स्वतःला मूर्ख समजतेय. ब्रश टाकून दिले मी. चांगले ब्रश."

"ब्रश मी काढून ठेवलेत डब्यातून."

"खोटं लिहिलंस वहीत."

"हो."

ती उठून खिडकीशी गेली. पाठमोरी काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. मी तसं सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं, "परत बोल, ऐकू आलं नाही." ती वळली, माझ्यासमोर येऊन बसली आणि तोंड नीट माझ्याकडे करून म्हणाली, "मी म्हटलं, सगळ्या एकोणीस उद्यापासून परत धुवायच्या. तू धुवायच्या. साबण घालून."

मला इतकं ओरडून कुणी कामाला लावलं नव्हतं. बरं वाटलं.

२४ तारीख, सोमवार

हात दुखतायत. आम्ही दोघींनी डॉक्टरांकडे जाऊन न धुतलेल्यांतल्या उरलेल्या दहाही मागून आणल्या. मी त्यांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "आजीबाई, चाळीस वर्षं दात कोरायचं यंत्र कानाशी घेऊन मीही काही ऐकत नाही. खरखर बायकोने पकडली. मला तर तबकड्या छान वाटल्या होत्या." बायको आतून काहीतरी म्हणाली. आम्ही दोघांनी एकदमच विचारलं, "काय?"

एकोणीस धुऊन झाल्या. खारू ऐकते. मी दिव्याखाली तिरपी धरून बघते, मळ राहिला असेल तर चकाकी तुटते, ते मला तिच्याआधी दिसतं. दोनदा तिने "झाली" म्हटलेली मी परत पाण्यात घातली.

मुलाला कळलंय. काल माझ्या उजव्या बाजूने आला आणि हळूच काहीतरी म्हणाला. बघत होता ऐकू येतं का. मी म्हटलं, "मोठ्याने बोल, भित्र्या." त्याने डोळे पुसले. भ्यायचं मी आणि रडायचं ह्याने.

२७ तारीख, गुरुवार

डॉक्टरांकडून निरोप आला, बायको खूश. उरलेल्या तबकड्या धुऊन होऊ द्या, मग लायब्ररीचं बोलू म्हणाले. होईल का नाही देव जाणे.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. यंत्र पंधरा दिवसांनी मिळेल. मी विचारलं, घंटी येईल का? त्या म्हणाल्या, काही आवाज येतील, काही नाही, कुठले ते लावल्यावर कळेल. खरं बोलल्या, म्हणून आवडल्या. घरी येईपर्यंत मी सगळा रस्ता ऐकत आले. काय काय आहे आणि काय काय नाही ते मोजत.

खारूने वहीत पट्टी घेऊन नवा रकाना आखलाय. धुतली, तिथे माझी सही. ऐकली, तिथे तिची. तिची सही म्हणजे नुसता गिचका, माझ्यासमोर अगदीच गरीब दिसते.

काम संपल्यावर मी म्हटलं, आपली ती लाव. आधी धुतलेलीच. ती लावली. मी दांडीजवळ उभी राहिले, जुन्या जागी. वाद्यं शांत झाली. मला नुसती शांतता, पण मी खारूच्या हाताकडे बघत होते. तिने एक बोट वर केलं. मग दुसरं. मग तिसरं.

"उचल," ती म्हणाली.

मी उचलली. आणि मग लक्षात आलं. "उचल" हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ते फक्त या उजव्या पानावर आहे. रकाना आखताना हिने सगळं वाचलंय, आईचं, बादलीचं, सगळं.

तर खारूताई, वाचतेच आहेस तर ऐक. भीती गेलेली नाही. साबण मात्र पुरता घालते.